बंद पडलेलं जीएसटी रजिस्ट्रेशन आणि तीन वर्षांपासून थकलेली रिटर्न: भरायची परवानगी नेमकी कोण देतं?

घाटंजीची_लेक | ११ जानेवारी २०२६

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात बाबांचं पाईप, मोटारपंप, स्प्रिंकलर आणि हार्डवेअरचं दुकान आहे. जीएसटी नंबर बाबांच्या नावावर, तिमाही रिटर्नवाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि बोलणं गेलं. मी तेव्हा नागपूरला नोकरीला होते. आईने आणि काकांनी दुकान जमेल तसं उघडं ठेवलं. रिटर्नचं काम तालुक्याचे एक कर सल्लागार पाहायचे. त्यांनी मध्येच काम सोडलं आणि गाव सोडून गेले. घरात कोणालाच पत्ता नाही की जानेवारी-मार्च २०२३ च्या तिमाहीपासून एकही रिटर्न गेलेलं नाही.

दिवाळीनंतर एका ठोक व्यापाऱ्याने माल द्यायला नकार दिला. म्हणाला, तुमचा नंबर कॅन्सल दिसतोय. गावातले दोन ठेकेदारही रागावलेत. आमची बिलं त्यांना दिसत नाहीत, त्यामुळे त्यांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, गेलं. त्यांचा राग खरा आहे, कर आम्ही त्यांच्याकडून घेतलेला आहे.

मी नोकरी सोडून घरी आले आहे. नंबर रद्द केल्याची ऑर्डर मिळवली. ६ ऑगस्ट २०२५ ची आहे. पोर्टलवर जुन्या तिमाह्या उघडतच नाहीत, आणि ओटीपी जातो त्या सल्लागाराच्या मोबाईलवर. कुणी म्हणतं ऑफिसात अर्ज द्या, साहेब परवानगी देतील. कुणी म्हणतं तीन वर्षं झाली की काहीच होत नाही. कोणाचं खरं? पैसे बुडवायचे नाहीत, भरायचे आहेत.

---

वणीचा_वसंता | ११ जानेवारी

ताई, काळजी नका करू. माह्या भावाचं बी असंच झालं होतं. तो सहा महिने नुसता ऑफिसच्या चकरा मारून राह्यला, काऊन का त्याले कोणी सांगितलंच नाही का कोणता कागद कोणाच्या हातात हाय. तुमी आधी ऑर्डर नीट वाचा. शेवटाले एक तारीख असते, ते पाहा.

---

करसल्लागार_वर्धा | ११ जानेवारी

वसंताभाऊंनी एका ओळीत मुद्द्याचं सांगितलं. मी जरा विस्ताराने लिहितो, कारण विदर्भातल्या छोट्या दुकानदारांच्या बाबतीत हा घोटाळा मी वारंवार पाहतो.

ताई, तुमच्या दारावर दोन वेगवेगळी कुलपं आहेत. दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या माणसांकडे आहेत, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

पहिलं कुलूप रद्द झालेल्या नोंदणीचं. ऑर्डरवर दोन तारखा असतात. एक ऑर्डर काढल्याची आणि दुसरी रद्द होण्याची प्रभावी तारीख. दुसरी तारीख मागची असेल, तर त्या तारखेनंतरची रिटर्न पोर्टल घेत नाही. हे कुलूप अधिकारी उघडू शकतात. त्यासाठी आरईजी-२१ हा नोंदणी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करावा लागतो.

दुसरं कुलूप तीन वर्षांचं. वित्त कायदा २०२३ ने कलम ३७, ३९, ४४ आणि ५२ मध्ये हे आणलं, १ ऑक्टोबर २०२३ पासून. रिटर्नच्या देय तारखेपासून तीन वर्षं उलटली की ते रिटर्न भरता येत नाही. कायद्यात होतं तरी पोर्टलवर हे बरेच दिवस लागू नव्हतं, म्हणून लोक गाफील राहिले. डिसेंबर २०२५ पासून पोर्टलनेही दार लावलं. हे कुलूप तालुक्याचे, जिल्ह्याचे किंवा विभागाचे साहेब उघडू शकत नाहीत. जीएसटी परिषदेच्या शिफारशीवर सरकारने अधिसूचना काढली तरच ते उघडतं. त्याच्यासाठी कोणाच्या टेबलासमोर बसून राहण्यात अर्थ नाही.

प्रभावी तारीख काय लिहिली आहे ते कळवा.

---

घाटंजीची_लेक | ११ जानेवारी, रात्री

आत्ता पाहिली. प्रभावी तारीख ०१/०१/२०२३.

---

करसल्लागार_वर्धा | १२ जानेवारी

मला हीच भीती होती. आता तारखा वहीत लिहून घ्या.

जानेवारी-मार्च २०२३ ची तिमाही. महाराष्ट्रात तिमाही ३बीची (कर भरण्याच्या रिटर्नची) देय तारीख २२ एप्रिल २०२३ होती, म्हणजे तीन वर्षं भरतात २२ एप्रिल २०२६ ला. पण ३बी भरायच्या आधी जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) जायलाच हवा, आणि तिमाही जीएसटीआर-१ ची देय तारीख होती १३ एप्रिल. म्हणून तुमची खरी शेवटची तारीख १३ एप्रिल २०२६, सोमवार. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी. आठवडाभर आधीच काम संपवा.

दुसरं घड्याळ आरईजी-२१ चं. ऑर्डर मिळाल्यापासून ९० दिवस, म्हणजे ४ नोव्हेंबर २०२५, हे गेले. त्यापुढे आणखी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते, ती ३ मे २०२६ ला संपते. वाढ देण्याचा अधिकार संयुक्त आयुक्त किंवा अपर आयुक्त दर्जाच्या खाली कोणालाही नाही. तुम्हाला लागणारी 'परवानगी' ती हीच.

नियम २३ असा आहे: रिटर्न न भरल्यामुळे नोंदणी रद्द झाली असेल तर एरवी थकलेली सगळी रिटर्न आधी भरायची आणि मग आरईजी-२१ करायचा. पण रद्द करण्याची तारीख मागची असेल तर उलट. आधी नोंदणी सुरू होते, आणि त्या आदेशापासून ३० दिवसांत मधल्या काळाची सगळी रिटर्न भरायची. तुम्ही दुसऱ्या प्रकारात येता. ३ मे पाहून निवांत राहिलात आणि आदेश एप्रिलअखेरीस निघाला, तर पहिलं रिटर्न तोपर्यंत तीन वर्षांच्या कुलुपात गेलेलं असेल. आदेश मार्चमध्ये हातात पडेल असं काम करा.

---

पुसदचा_जिनवाला | १२ जानेवारी

एक शंका. एवढा त्रास घेण्यापेक्षा आईच्या नावाने नवा नंबर काढला तर? वस्तूंच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही तसंही.

---

निवृत्त_निरीक्षक | १२ जानेवारी

मी विक्रीकराच्या काळापासून खात्यात होतो, २००५ ला व्हॅट आला तेव्हाही आणि २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही. कळकळीने सांगतो, हे करू नका. मार्च २०१९ च्या परिपत्रक क्रमांक ९५ मध्ये अधिकाऱ्यांना स्पष्ट सूचना आहे की रिटर्न न भरल्यामुळे जुना नंबर रद्द झाला आणि तो सुरू करायचा अर्ज न करता माणूस नवा नंबर मागायला आला, तर ते नकाराचं कारण धरता येतं. आईच्या नावाने मिळालाच, तरी वडिलांच्या नावावरचं देणं तसंच राहतं आणि ठेकेदारांची बिलंही दिसत नाहीत.

आणि ताई, एक नाजूक गोष्ट. नंबर रद्द असताना कर लावून बिल फाडू नका. ऑगस्टनंतर न कळत फाडली असतील तर तो कर सरकारजमा करावाच लागेल, कलम ७६ तसं सांगतं.

ओटीपीचं सांगतो. नोंदलेला मोबाईल आणि ईमेल सल्लागाराचा निघाला तर ज्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत तुमचा नंबर आहे त्यांच्याकडे वडिलांना घेऊन जा. ओळखीचा पुरावा आणि दुकानाचे कागद तपासून ते नवा मोबाईल व ईमेल टाकून देतात आणि पासवर्ड बदलून मिळतो. अखत्यारी केंद्राची की राज्याची, हे पोर्टलवर नंबर टाकल्यावर दिसतं. चुकीच्या ऑफिसात जाऊन दिवस घालवू नका.

---

घाटंजीची_लेक | २७ जानेवारी

आज बाबांना घेऊन गेले होते. कार्यालय पहिल्या मजल्यावर. खुर्चीत बसवून काका आणि शिपाईदादांनी वर नेलं. बाबांना उजव्या हाताने सही जमत नाही, म्हणून अर्जावर डाव्या हाताचा अंगठा लावला आणि शेजारी डॉक्टरांचा दाखला जोडला. साहेबांनी बाबांना विचारलं, दुकान तुमचंच ना? बाबांनी खिशातून जुनं बिलबुक काढून टेबलावर ठेवलं. ते त्यांनी घरून निघताना स्वतःच खिशात घातलं होतं, मला माहीत नव्हतं. तासाभरात मोबाईल आणि ईमेल बदलून मिळाला.

लॉगिन केलं तर जुन्या नोटिसांचा ढीग. सगळ्या त्या ईमेलवर गेलेल्या. आरईजी-१७ ही कारणे दाखवा नोटीसही त्यातच.

---

करसल्लागार_वर्धा | २७ जानेवारी

छान झालं. त्या ढिगात एएसएमटी-१३ नावाचा आदेश आहे का, तेवढं आजच बघा. रिटर्न न आल्यास अधिकारी कलम ६२ खाली अंदाजाने कर ठरवतात. तो असेल तर त्याची मुदत वेगळी चालते, आणि ती गेली असेल तर अपिलाचा विचार करावा लागतो.

आता आरईजी-२१ मध्ये उशिराचं कारण. 'आजारपणामुळे' एवढ्या एका शब्दावर मुदतवाढ मागू नका. तारीखवार लिहा. दवाखान्यात कधी भरती, कधी सुट्टी, फिजिओथेरपी कुठवर, सल्लागाराने काम कधी सोडलं, ऑर्डर तुम्हाला प्रत्यक्ष कधी कळली. प्रत्येक तारखेला एक कागद जोडा. वरच्या साहेबांना कारण लेखी नोंदवूनच मुदत वाढवावी लागते. त्यांना लिहायला सोपं जाईल असं तुम्ही लिहून द्या. 'आदेशापासून ३० दिवसांत सर्व रिटर्न, कर, व्याज आणि विलंब शुल्कासह भरू' असं हमीपत्रही जोडा, आणि पहिल्या तिमाहीची १३ एप्रिलची अडचण त्यात ठळक लिहा. त्यांच्या टेबलावर रोज शंभर फाइली येतात. तुमची घाई त्यांना आपोआप कळणार नाही.

---

घाटंजीची_लेक | २ फेब्रुवारी

एएसएमटी-१३ नाही, देवाची कृपा. आज आरईजी-२१ केला. डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, सल्लागाराला केलेल्या मेसेजचे फोटो, हमीपत्र, सगळं जोडलं. एआरएन, म्हणजे अर्जाचा पोच क्रमांक, आला.

---

कारंजा_लाड_हार्डवेअर | ५ फेब्रुवारी

तुमचा धागा वाचून विचारतो. माझी सप्टेंबर २०२२ आणि ऑक्टोबर २०२२ ची मासिक रिटर्न राहिली आहेत, पुढचीही. मला साहेबांचं पत्र मिळालं तर चालेल का?

---

करसल्लागार_वर्धा | ५ फेब्रुवारी

भाऊ, मन कठोर करून सांगतो. त्या दोन महिन्यांसाठी साहेबांच्या पत्राने काही होणार नाही. ऑक्टोबर २०२२ ची देय तारीख २० नोव्हेंबर २०२२ होती, तीन वर्षं संपली. पण रिटर्न भरता येत नाही म्हणजे कर माफ झाला, असं कृपा करून समजू नका. देणं जिवंत आहे आणि व्याज चढतंय. कर आणि व्याज डीआरसी-०३ या फॉर्मने स्वतःहून भरून टाका, कोणत्या महिन्याचं ते कारणाच्या रकान्यात लिहा, आणि चलनाची प्रत घेऊन अधिकाऱ्यांना भेटा. पुढच्या महिन्यांचं कसं करायचं ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या. दर महिन्याला एकेक रिटर्न तुमच्या हातून निसटतंय, म्हणून उद्याच जा.

---

निवृत्त_निरीक्षक | ६ फेब्रुवारी

ज्यांचे ९० आणि १८० मिळून २७० दिवसही उलटून गेलेत त्यांच्यासाठी. २०२३ मध्ये सरकारने एक सवलत योजना आणली होती. ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत रद्द झालेल्यांना अर्जाची मुदत वाढवून दिली होती, ती ३१ ऑगस्ट २०२३ ला संपली. त्यानंतर राहतं उच्च न्यायालय. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकबाकी भरण्याच्या अटीवर नोंदण्या पुन्हा सुरू करून दिल्या. माणसाला धंद्याबाहेर ठेवून महसुलाचा काही फायदा नाही, असा त्यामागचा विचार होता, आणि नोकरीत असतानाही माझं मत तेच होतं. आपल्याला नागपूर खंडपीठ आहे. खर्च मात्र आधी विचारून घ्या.

---

घाटंजीची_लेक | १७ फेब्रुवारी

आरईजी-२३ नोटीस आली! उशिराचा पुरावा अपुरा, खुलासा करा म्हणतात. सात कामाचे दिवस. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पोर्टल बघते म्हणून दिसली, मोबाईलवर काहीच मेसेज आला नाही.

---

वणीचा_वसंता | १७ फेब्रुवारी

ताई, घाबरू नका. भावाले बी आली होती. एकोणीस तारखेले शिवजयंतीची सुट्टी हाय, तो दिवस धरू नका, पण थांबू बी नका. आणि एकदा समोरासमोर जाऊन भेटा. कागद वाचून जे कळत नाही ते माणूस पाहून कळते.

---

घाटंजीची_लेक | २३ फेब्रुवारी

आज आरईजी-२४ ने उत्तर दिलं. दवाखान्यातून पूर्ण केसपेपरची प्रत आणली, सरपंचांचा दाखला घेतला. सुनावणीला मी आणि आई गेलो. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, पैसे आहेत का भरायला? मी पासबुक दाखवलं. यंदाचा कापूस सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) दिला, ३५ क्विंटल, आठ हजारांच्या आसपास भावाने. ते पैसे आम्ही हलवलेले नाहीत.

---

घाटंजीची_लेक | ९ मार्च

आदेश आला. आरईजी-२२. नोंदणी पुन्हा सुरू. आज सोमवार, आणि आजपासून ३० दिवस म्हणजे ८ एप्रिल. आई देवापुढे बसली आहे. मी बिलबुकं काढून बसले आहे.

---

करसल्लागार_वर्धा | ९ मार्च

अभिनंदन ताई! आता क्रेडिटचं नीट ऐका, इथे लाखांचा फरक पडतो.

कलम १६(४) प्रमाणे एका आर्थिक वर्षाच्या खरेदीचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं. कलम १६(६) तुमच्यासारख्यांना दिलासा देतं, पण अर्धाच. रद्द करण्याच्या आदेशाच्या दिवशी जे क्रेडिट मुदतीत होतं, तेच आता ३० दिवसांत भरलेल्या रिटर्नमध्ये मिळतं. तुमचा आदेश ६ ऑगस्ट २०२५ चा. त्या दिवशी २०२२-२३ ची मुदत संपलेली होती, २०२३-२४ चीही. २०२४-२५ ची ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत होती. म्हणून पहिल्या पाच तिमाह्यांचं क्रेडिट गेलं, त्यांचा विक्रीवरचा कर पूर्ण रोखीने भरायचा. एप्रिल २०२४ पासूनचं क्रेडिट मात्र मिळेल, पण ८ एप्रिलच्या आत भरलंत तरच. एक दिवस उशीर झाला तर २०२४-२५ चंही जाईल.

हप्ते मागू नका. स्वतः रिटर्नमध्ये दाखवलेल्या कराला कलम ८० खाली हप्ते मिळत नाहीत. वार्षिक जीएसटीआर-९ ची चिंता सोडा, दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला तो माफ आहे. जुलै-सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत स्प्रिंकलरचे दोन दर येतील, २१ सप्टेंबरपर्यंत १२ टक्के आणि २२ पासून ५ टक्के. पंप आणि पाईप १८ वरच.

---

घाटंजीची_लेक | १४ मार्च

पहिली तिमाही गेली! जीएसटीआर-१ आणि ३बी, दोन्ही. विक्री २ लाख ४० हजार, कर ४३,२००, व्याज साधारण साडेबावीस हजार, विलंब शुल्क दोन हजार. स्क्रीनवर 'फाइल्ड' दिसलं तेव्हा हात थरथरत होते.

काम कसं चाललंय ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. २०२३ च्या बिलबुकांना एका कोपऱ्यातून वाळवी लागली आहे. कार्बनची प्रत फिकी पडून नाव दिसतं तर रक्कम दिसत नाही. मी पान खिडकीत उजेडाला तिरपं धरते आणि बाबांसमोर ठेवते. बाबा बोलू शकत नाहीत, पण पाईपाचा आकार बोटांनी दाखवतात. अडीच इंची, तीन इंची. मग त्या काळचा दर खरेदीच्या बिलावरून जुळवते. एका बिलावर नुसतं 'पाटील, २०' होतं. बाबांनी पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. ग्रामपंचायतीचं काम होतं ते, वीस पाईप. ठेकेदाराला फोन केला, त्याच्याकडची मूळ प्रत मिळाली. आकडा तंतोतंत जुळला.

---

निवृत्त_निरीक्षक | १५ मार्च

असं वाचलं की बरं वाटतं. ज्या बिलांचा मेळ लागत नाही ती वेगळ्या वहीत कारणासकट लिहून ठेवा. उद्या तपासणी आली तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल.

---

घाटंजीची_लेक | २ एप्रिल

आज रात्री साडेअकराला बारावी तिमाही, ऑक्टोबर-डिसेंबर २०२५, गेली. सगळ्या बारा झाल्या.

हिशेब मांडते, लपवण्यासारखं काही नाही. पहिल्या पाच तिमाह्यांचा कर १ लाख ९१ हजार, त्यावरचं व्याज सुमारे ८३ हजार, बारा रिटर्नचं विलंब शुल्क २४ हजार. तीन लाखांना दोन हजार कमी. पुढच्या तिमाह्यांत क्रेडिट मिळाल्याने रोख फार थोडं लागलं. कापसाचे पैसे संपले, पेरणीला पुन्हा उसनवारी करावी लागेल. गेलेल्या क्रेडिटचं दुःख आहे. तो कर बाबांनी खरेदीच्या वेळी एकदा दिला होता, आम्ही तो दुसऱ्यांदा भरला. त्या दोन्ही ठेकेदारांना मात्र मी स्वतः जाऊन सांगून आले की २०२२-२३ ते २०२४-२५ च्या बिलांचं क्रेडिट त्यांनाही आता मुदतीमुळे मिळणार नाही. एकाचं साडेनऊ हजारांचं नुकसान आहे, ते पुढच्या मालात वळतं करून देणार आहे.

ठोक व्यापाऱ्याने आज नंबर तपासून 'अॅक्टिव्ह' असल्याचा फोटो पाठवला. सोमवारी मोटारींचा माल येतोय.

---

दारव्हा_कृषी_केंद्र | ४ एप्रिल

ताई, माझा नंबर मागच्या महिन्यात रद्द झाला. दोन तिमाह्या उघडतात, बाकीच्या उघडत नाहीत. काहीच समजत नाही. बियाण्यांचा हंगाम तोंडावर आला आहे.

---

घाटंजीची_लेक | ४ एप्रिल

दादा, मागच्याच महिन्यात रद्द झाला असेल तर तुमचे ९० दिवस अजून चालू आहेत, वरच्या साहेबांकडे जावं लागणार नाही. ज्या दोन तिमाह्या उघडतात त्या बहुधा प्रभावी तारखेच्या आधीच्या असतील, त्या लगेच भरून टाका. ऑर्डरचं शेवटचं पान नंबर झाकून इथे टाका, प्रभावी तारीख दिसू द्या. आणि सगळ्यात जुनी राहिलेली तिमाही कोणती तेही लिहा. मी रात्री दुकान बंद केल्यावर बघते, वर्ध्याच्या दादांनाही विचारते.